आपल्याच घरातला भाडेकरू

मुंबई नेमकी कुठे संपते आणि ठाणे कुठे सुरू होतं, याबद्दल मुलुंड चेकनाक्याच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये एकमत नाही. कुणी पिनकोड दाखवतं, कुणी रिक्षावाल्याचा नकार प्रमाण मानतं. फ्लॅट विकायला काढलेला माणूस तर पार घोडबंदर रोडवर पोचला तरी ‘मुलुंडला लागूनच’ म्हणतो. पण ही हद्द मालमत्ता कराच्या बिलाइतकी ठळक दुसऱ्या कशानंही आखलेली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ केल्याची घोषणा केली. तेव्हापासून हद्दीच्या त्या बाजूचा साडेचारशे फुटांचा गृहस्थ बिनकराचा झोपतो. या बाजूचाही साडेचारशे फुटांचाच, त्याच लोकलला लटकणारा आणि त्याच भाजीवालीशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालणारा. तो मात्र बिल हातात घेऊन गॅलरीत येतो आणि मुंबईच्या दिशेनं बघतो.

मुंबईकरालाही ही माफी एका झटक्यात मिळालेली नाही. २०१७ च्या निवडणुकीत ती आश्वासन म्हणून जन्मली आणि २०१९ मध्ये प्रत्यक्षात आली, ती फक्त ‘सामान्य करा’पुरती. बिलातल्या इतर ओळी होत्या तिथेच होत्या. म्हणजे थाळी फुकट, पण पोळी, भाजी, वरण आणि भात यांचे पैसे वेगळे. संपूर्ण माफीसाठी मुंबईकराला आणखी जवळजवळ तीन वर्षं थांबावं लागलं. त्यामुळे ठाणेकर आता ‘करमाफी’ ऐकल्यावर आनंदानं उडी मारत नाही. तो आधी विचारतो, “कुठल्या ओळीतली?”

ठाणेकर मुलुंडकडे बघतो, डोंबिवलीकर ठाण्याकडे, कल्याणकर डोंबिवलीकडे. खरं तर कल्याण आणि डोंबिवलीची महापालिका एकच, पण म्हणून बघायचं थांबत नाही. मध्य रेल्वेवर जसजसं पुढे जावं तसतसं घर स्वस्त होतं, याचा डोंबिवलीकराला अनुभव आहे. कर मात्र त्याच क्रमानं वाढत जातो, याची त्याला खात्री आहे. स्वतःचं बिल तो फारसं वाचत नाही, खालचा आकडा बघतो आणि ड्रॉवरमध्ये टाकतो. शेजाऱ्याचं बिल मात्र चष्मा लावून वाचतो. मालमत्ता कराविषयीची नागरिकांची सगळी नाराजी मला याच एका सवयीतून आलेली दिसते. आपल्याला किती आला हे दुःख असतंच, पण त्याला एवढाच का आला, हे दुःख जास्त टिकतं.

आता हा आकडा येतो कुठून? मुंबईनं २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली. तिथे रेडी रेकनरच्या दरानं घराची किंमत काढतात आणि तिच्यावर कर लावतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली अजून जुन्या वळणाची आहेत. इथे घराची किंमत कुणी विचारत नाही, घराचं भाडं विचारतात. तुम्ही म्हणाल, आम्ही तर स्वतः राहतो, कर्ज काढून घेतलंय, अजून अकरा वर्षांचे हप्ते आहेत, भाडं कसलं? कायद्याला तो तपशील नको असतो. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हे या कायद्याचं जुनं नाव. आता त्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. तो असं धरून चालतो की हे घर भाड्यानं दिलं असतं तर रास्तपणे वर्षाला काही एक रक्कम आली असती. ते झालं वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्या खर्चापोटी दहा टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य.

समजा, महापालिकेच्या हिशेबानं तुमच्या घराचं भाडं महिना १,००० रुपये. (आज डोंबिवली स्टेशनाजवळ या पैशांत स्कूटर तरी महिनाभर उभी राहील का, शंका आहे. पण समजा.) वर्षाचे झाले १२,०००. दहा टक्के गेले, म्हणजे १,२००. करयोग्य मूल्य १०,८००. आता या १०,८०० वर सामान्य कर इतके टक्के, जललाभ कर तितके टक्के, अशी एकेक ओळ चढत जाते आणि शेवटी बेरीज येते. वरचे १,२०० रुपये आपल्या दुरुस्तीसाठी सोडलेले असतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन हातात असलेल्या कुठल्याही सेक्रेटरीला हा आकडा दाखवावा, त्याचा रक्तदाब आपोआप तपासून होतो.

थोडक्यात, महापालिकेच्या दप्तरात तुमच्या घरात एक भाडेकरू राहतो आणि तो तुम्हीच असता. तो कधी घर सोडत नाही, डिपॉझिट परत मागत नाही, भिंतीला खिळे ठोकले म्हणून त्याच्याशी भांडण होत नाही. त्याचं भाडं आजच्या बाजारापेक्षा पुष्कळ कमी धरलेलं असतं. त्यामुळे आपण आपल्याच घरात इतक्या स्वस्तात राहतो याचा आनंद व्हायला हरकत नाही.

खरी गंमत, खरोखरचा भाडेकरू आला की सुरू होते. घर भाड्यानं दिलं की प्रत्यक्ष भाडं हाच आधार होतो आणि बिल फुगतं. म्हणून आमच्या भागात भाडेकरू नावाची जमात जवळजवळ नामशेष झाली आहे. चौथ्या मजल्यावर गेली तीन वर्षं एक दाक्षिणात्य कुटुंब राहतं. दारावरची पाटी मालकाची, देशपांड्यांसारख्या एका आडनावाची. चौकशीला कुणी आलंच तर मालकीणबाई शांतपणे सांगतात, “आमचे मामेभाऊ आहेत.” मामेभाऊ तमिळ बोलतात. महापालिका नसलेला भाडेकरू आहे असं धरते आणि मालक असलेला भाडेकरू नाही असं सांगतो. दोन्ही कल्पना एकाच सदनिकेत गुण्यागोविंदानं नांदतात.

आता शेजाऱ्याच्या बिलाकडे वळू. ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला नव्या टॉवरवाल्याच्या तुलनेत कर फारच कमी येतो. यात लबाडी नसते, इतिहास असतो. भाडं नियंत्रणाखाली होतं तेव्हा, म्हणजे १९४७ च्या भाडे कायद्याच्या राज्यात, जागेला ‘प्रमाण भाडं’ होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच कलकत्त्याच्या एका खटल्यात सांगून ठेवलं की जिथे असं भाडं ठरलेलं आहे तिथे कराचा हिशेब त्याच्या वर जाऊ शकत नाही. इमारतीची पहिली कर आकारणी ज्या साली झाली, त्या सालचं भाडं तिच्या अंगाला चिकटून राहतं. घराला जन्मपत्रिका असते, ती ही. पासष्ट सालच्या वाड्याचे ग्रह उत्तम. दोन हजार अठराच्या टॉवरला साडेसाती.

ही पत्रिका बदलण्याचा एकच मार्ग आहे, पुनर्विकास. सध्या डोंबिवलीत आणि ठाण्यात दर तिसऱ्या सोसायटीत तोच विषय आहे. किती टक्के जादा कार्पेट, कॉर्पस किती, भाडं किती, लिफ्ट दोन का तीन, पार्किंगच्या यंत्रात जुनी गाडी मावेल का, यावर रात्री दीडपर्यंत सभा चालतात. आर्किटेक्ट येतो, बिल्डरचा माणूस येतो, वकील येतो, केटररसुद्धा येतो. नव्या घराला पहिलं कर बिल किती येईल, हे या सगळ्या सभांत एकही माणूस विचारत नाही. ते बिल वास्तुशांतीनंतर येतं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते पाहून विचारलं, “हे दहा वर्षांचं एकदम आहे ना?”

बिलातल्या ओळी वाचायला बसलं तर त्यात आपल्या शहराचं चरित्र सापडतं. पाण्याच्या दोन नोंदी असतात, एक पाण्याची आणि दुसरी पाणी मिळण्याच्या लाभाची. मलनिस्सारणाच्याही तशाच दोन, एक कामाची आणि एक लाभाची. पाणी आलं नाही तरी पाणी येण्याची सोय आहे, हा लाभ उरतोच. तुमच्या संकुलात सेप्टिक टँक असेल तर मलनिस्सारणाचा लाभ तात्त्विक पातळीवर घ्यायचा असतो. वृक्ष कर असतो, १९७५ च्या झाडांच्या कायद्यापोटी. पावसाळ्यात फांदी गाडीवर पडली की तो भरल्याची आठवण होते. अग्निशमन कर असतो, रस्त्याचा कर असतो. रस्त्याच्या करावर आलं की वाचकाला खड्ड्यांचा विनोद हवा असतो. तो ज्यानं त्यानं आपल्या गल्लीप्रमाणे स्वतः घालून घ्यावा, इथे जागा मोकळी सोडली आहे.

शिक्षण कर दोन असतात, एक महापालिकेचा आणि एक राज्याचा. राज्याचा कर १९६२ च्या कायद्यापासूनचा आहे. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी तो पहिल्यांदा भरला त्यांची मुलं महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत जात होती. आता भरणाऱ्यांची मुलं अशा शाळांत जातात जिथे एका मुलाच्या बसचं भाडं या सगळ्या बिलापेक्षा जास्त असतं. बसच्या भाड्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. शिक्षण कराच्या ओळीवर मात्र बोट ठेवून विचारतात, “हे कशाबद्दल?”

दुकानदाराच्या बिलात आणखी एक ओळ असते, रोजगार हमी कराची. घरांना ती लागत नाही, बिगरनिवासी जागांना लागते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी सुरू केली, नंतर तिला कायद्याचं रूप दिलं आणि पुढे देशानं ती उचलली. तिच्यासाठीचा पैसा शहरांतल्या दुकानांतून आणि कार्यालयांतूनही येत राहिला. दिवाळीत डोंबिवलीच्या फडके रोडवर नटून फिरणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, पण तिथल्या साडीच्या दुकानाच्या बिलातून कुठल्या तरी दुष्काळी तालुक्यातल्या पाझर तलावाला हातभार लागलेला आहे. या एका ओळीबद्दल मला खरोखर आदर आहे. साडीवाल्याला तो माझ्याइतका नाही.

कल्याण-डोंबिवलीत अलीकडे कचराही बिलात उतरला. घनकचरा उपयोगकर्ता शुल्क, महिना ५० रुपये म्हणजे वर्षाला ६००. कल्याणच्या आधारवाडी डंपिंग ग्राउंडचा धूर ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट घेतला, त्यांना हे शुल्क सुरुवातीला विनोदच वाटलं. २०२५ मध्ये ते ९०० करायचं ठरलं तेव्हा मात्र हसणं थांबलं आणि सर्वपक्षीय निवेदनं सुरू झाली. एरवी एकमेकांच्या बॅनरवरही न दिसणारे लोक कचऱ्याच्या तीनशे रुपयांसाठी एका सुरात बोलले. ज्या शहरात कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही म्हणून उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये नव्या बांधकाम परवानग्याच थांबवल्या होत्या, त्या शहरात कचऱ्यानं एवढी एकी घडवावी, ही थोडी गोष्ट नाही.

आमचा एक भाचा लंडनच्या हॅरोला असतो. घराबाबतची कुठलीही तक्रार कानावर पडली की तो व्हिडिओ कॉलवर येतो. “मामा, इथे बघ कसं सोपं आहे. घरांचे बँड असतात, ए ते एच. तुझं घर डी बँडमध्ये असलं तर एवढं, एच मध्ये असलं तर त्याच्या दुप्पट. संपलं!” मी विचारलं, बँड ठरवतात कशावर? तर म्हणे घराच्या किमतीवर. आजच्या? नाही, १ एप्रिल १९९१ च्या. मला वाटलं, नेटवर्क गेलं म्हणून मी चुकीचं ऐकलं. पण ते खरं आहे. इंग्लंडात कौन्सिल टॅक्स १९९३ मध्ये आला, घरांच्या किमती धरल्या त्या १९९१ च्या, आणि त्यानंतर तिथे फेरमूल्यांकन झालेलं नाही. परवा बांधून झालेलं घरही ‘हे १९९१ साली असतं तर कितीला गेलं असतं’ असं विचारून बँडमध्ये घालतात. तेव्हाचं मूल्यांकनही घाईत उरकलं होतं. काही माणसं मोटार दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गल्लीतून फिरली आणि न उतरता घरांकडे नजर टाकून बँड लिहीत गेली. म्हणून त्याला ‘सेकंड गिअर’ मूल्यांकन असंच नाव पडलं. डोंबिवलीत हे कदापि जमलं नसतं. इथल्या गल्लीतून कुणालाही मोटार दुसऱ्या गिअरमध्ये टाकता येत नाही.

भाच्याला माहीत नव्हतं ते असं की आपली करयोग्य मूल्याची पद्धत त्यांचीच. काल्पनिक भाड्यावर कर लावायची कल्पना ब्रिटिशांची. ती त्यांनी आपल्याला शिकवली आणि स्वतः इंग्लंडातल्या घरांसाठी १९९० मध्ये टाकून दिली. तिच्या जागी मार्गारेट थॅचर यांनी डोईपट्टी आणली. राजवाड्यातला माणूस आणि झोपडीतला माणूस, एका भागात प्रत्येकी सारखीच रक्कम. त्यावरून ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात मोठी दंगल झाली. आपल्याकडेही ३१ मार्चला करावरून गर्दी होते, पण ती रांगेत उभी असते आणि फार तर ‘सर्व्हर डाऊन आहे’ यावर खवळते. डोईपट्टी तीन वर्षांत गेली, पाठोपाठ हे बँड आले. आपण मात्र साहेबानं टाकून दिलेला भाडेकरू अजून सांभाळून आहोत.

साहेबाच्या देशात त्याआधी खिडक्यांवरही कर होता, १६९६ ते १८५१. जितक्या खिडक्या, तितका कर. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात बसले. आमच्याकडे नेमकं उलट झालं. लोकांनी बाल्कनीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, मधली भिंत पाडली, बाल्कनी हॉलमध्ये घेतली आणि घर मोठं केलं. बिलात क्षेत्रफळ मात्र जुनंच राहिलं. कर आकारणीचा निरीक्षक जिन्यात दिसला की अशा घरातली मंडळी त्याला पाणी देतात, चहा देतात, पण दारातच. “आत पसारा आहे हो.” पसारा जिथे आहे तीच बाल्कनी होती.

इथे हसणं थोडं आवरतं घ्यावं लागतं, कारण बेकायदा बांधकाम हा विषय कल्याण-डोंबिवलीत बाल्कनीवर संपत नाही. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यावर न्या. अग्यार यांची समिती नेमली गेली. तिच्या मोजणीत महापालिका क्षेत्रात ६७,९२० बांधकामं बेकायदा निघाली. अशा बांधकामांनाही कर लागतो. कायद्याचं कलम २६७-अ सांगतं की वर शास्तीही लागते, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. पण चाळीतली खोली विकणारा माणूस कलम वाचत नाही. तो खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि म्हणतो, “पेपर एकदम क्लिअर. टॅक्स पावती आहे, लाइट बिल आहे, अजून काय पायजे?” कर भरल्यानं मालकी सिद्ध होत नाही. पण घेणारा पावतीवरचा महापालिकेचा शिक्का बघतो आणि निश्चिंत होतो. जिथे सरकार पैसे घेतं तिथे सरकार आपल्याला उठवणार नाही, असा साधा हिशेब. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयानं डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडायला सांगितलं, कारण त्यांच्या परवानग्या बनावट निघाल्या होत्या. त्या घरांत बँकांच्या कर्जावर घेतलेले फ्रिज आणि मुलांची अभ्यासाची टेबलं होती. या प्रकरणाचा विनोद करता येत नाही, मी करून पाहणारही नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीवरच्या २७ गावांचं मात्र सांगितलंच पाहिजे. ही गावं कधी जागची हलली नाहीत, तरी त्यांच्याइतका प्रवास पंचक्रोशीत कुणी केला नसेल. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा आत. २००२ मध्ये बाहेर. २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, म्हणून परत आत. प्रत्येक वेळी कराचा दर बदलतो. नव्यानं आलेल्या गावांना एकदम शहराचा कर बसू नये म्हणून कायद्यात टप्प्याटप्प्यानं वाढ ठेवली आहे. पण हे टप्पे चढून झाल्यावर मागे वळून ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची जुनी पावती बघितली की माणसाला गरगरतं. तिकडे बिल्डरच्या जाहिरातीत याच परिसराला ‘ठाण्याच्या कुशीत’ वगैरे म्हणतात. घर घेताना ठाणे, विकताना डोंबिवली, कर भरताना गाव, अशी तिहेरी ओळख इथला माणूस सांभाळतो.

भरायचं कुठे, हाही एक अभ्यासाचा विषय आहे. ठाण्याला प्रभाग समित्यांची नावं सरळ आहेत, नौपाडा, उथळसर, कळवा, मुंब्रा. कल्याण-डोंबिवलीत अक्षरं आहेत. एक म्हणजे अ, दोन म्हणजे ब, तीन म्हणजे क. इथवर आपण पहिलीच्या पुस्तकात असतो. चार म्हणजे जे. पाच म्हणजे ड, सहा फ, सात ह, आठ ग, नऊ आय आणि दहा ई. ही मुळाक्षरं कोणत्या भाषेतली, हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावं. तुम्ही आयचे का जेचे, असं इथे लोक अगदी सहज विचारतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

आकारणीच पटली नाही तर अपील करता येतं. त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. आधी भरा, मग मी भरणार नाही असं म्हणा.

न भरणाऱ्यांचं काय करायचं, याचे प्रयोग दोन्ही शहरांत चालूच असतात. नोटिसा निघतात, नळ तोडायचे इशारे दिले जातात, जप्ती आणि लिलावापर्यंत गोष्टी जातात, लोकअदालतीत तडजोडी होतात. पण सगळ्यांत गाजला तो ठाण्याचा २०१६ चा प्रयोग. तेव्हाचे आयुक्त संजीव जयस्वाल यांच्या काळात महापालिकेनं मोठ्या थकबाकीदारांच्या दारात चक्क ढोल वाजवणारे पाठवले. परदेशी वर्तमानपत्रांनी त्याची नवलाईनं बातमी दिली आणि वसुली वाढल्याचंही लिहिलं. त्यांना वाटलं, लाजेनं माणसं पैसे भरतात. ठाण्याचा अनुभव असणारा माणूस वेगळं सांगेल. गुढीपाडव्याच्या आणि गणपतीच्या गावात ढोल वाजले की माणूस लाजत नाही, गॅलरीत येऊन पथक कुठलं ते बघतो. पैसे भरले असतील तर शेजाऱ्यानं वरून ‘वाजवा, वाजवा’ म्हटलं म्हणून.

बहुतेकांना मात्र ढोल लागत नाहीत, तारीख लागते. वर्षाचा कर दोन सहामाहींत वाटलेला असतो. दोन्ही एकदम आणि लवकर भरले तर सूट मिळते. ठाण्यात दुसऱ्या सहामाहीच्या सामान्य करात दहा टक्क्यांपासून सुरू होऊन ती महिन्यागणिक चार, तीन, दोन अशी उतरत जाते. उशीर झाला तर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. आमच्या सोसायटीचे खजिनदार पहिल्या वर्गातले. बिल आल्या दिवशी मोबाईलवर भरतात, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकतात, खाली हात जोडलेलं चित्र. तळमजल्याचे काका दुसऱ्या वर्गातले. त्यांनी गेली कित्येक वर्षं वेळेवर कर भरलेला नाही, आणि याची त्यांना लाज नाही, अभ्यास आहे.

मागच्या वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा खजिनदार म्हणाले, “काका, दरमहा दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. सावकारसुद्धा एवढं घेत नाही.”

“घेऊ देत,” काका म्हणाले. “अभय योजना येते ना. मूळ कर आणि शास्तीचा चौथा हिस्सा एकरकमी भरा, बाकीची पंचाहत्तर टक्के शास्ती माफ. आपल्याकडे आलेली आहे की नाही?”

“आलेली आहे.”

“चोवीसचा चौथा हिस्सा सहा. माझे पैसे तोवर बँकेत सात टक्क्यांनी असतात. एक टक्का मी कमावला. तुम्ही पहिल्या दिवशी भरून काय मिळवलंत?”

“आणि योजना आलीच नाही तर?”

“निवडणूक लांबली की येते. जवळ आली की येतेच.”

सभेत शांतता पसरली. मागच्या रांगेतल्या दोघांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. खजिनदारांनी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडून हिशेब करून पाहिला, मग पुन्हा एकदा केला. मुद्दलावर सहा, व्याज सात, बरोबर येत होतं. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि पुढचा विषय पुकारला, पाण्याची टाकी धुणं.